चौकटीत दोघं हवीत

मिरजेचे आगाशे, रिटायर्ड हवालदार,
व्हॉट्सॲपवर एक बाई पाठवतात:
स्टाफ नर्स, उंची पाच-दोन, डावखुरी,
नवरा इचलकरंजीत, त्याला संशय आहे.
खाली लिहितात, 'इद्रिस, चौकटीत दोघं हवीत.
चेहरे स्पष्ट. फोटोमागं चाळीस दिनार.'

आगाशेंचं काय जातंय लिहायला.
इथं कुवेतात बाईवर मोबाईल रोखला
तर बताका जातो, अकामा जातो,
आधी कोठडी, मग थेट विमान.
आणि फोटो खरा निघाला तर तिलाही तेच,
वर त्यालाही.
एका क्लिकला तीन माना.

मी पाणी पोचवतो. वीस लिटरचे कॅन.
पाणीवाल्याला कोणी विचारत नाही कुठं चाललास.
महबूलातल्या नव्वद बिल्डिंगींचे हारिस मला ओळखतात,
म्हणजे माझ्या खांद्याला ओळखतात.
महबूला म्हणजे वेडी, असं आमचा मिसरी सुपरवायझर सांगतो
आणि दर वेळी तेवढाच हसतो.

अठरा दिवस मागे होतो.
रात्रपाळी सुटल्यावर ती कंपनीची बस घेत नाही.
एक करडी निसान येते.
माणूस कारवारकडचा असावा, टक्कल पडत आलेलं,
लॅबमध्ये असणार, बाहीवर जांभळा डाग.
समुद्राकडे तोंड करून दोघं एका डब्यातलं काहीतरी खातात.
बोलतात कमी.
एकदा त्यानं तिच्या बुटातली वाळू झटकली
आणि बूट परत तिच्या पायाशी ठेवला,
दुसऱ्याला लावून, सरळ.

हे चौकटीत कसं घ्यायचं, आगाशे?

घेतलं. तूझ उठलं होतं त्या दिवशी,
आभाळभर पिवळी माती,
तिच्यात दोन डोकी आणि एक बूट.
आगाशे म्हणाले, 'कोर्टात काय बूट दाखवू?'

एकोणिसाव्या दिवशी चारशे सातची ऑर्डर आली, दोन कॅन.
दार तिनंच उघडलं.
'ठेवा तिथं,' म्हणाली, चक्क मराठीत.
'हल्ली माझ्या मागं रोज कुणाला पाणी पाजता?'
अकरा वर्षं मी इथं सगळ्यांशी हिंदी बोलतो.
कानांनी घात केला, मान वर झाली.
'कुठले?'
'हर्णै.'
'किती देतात?'
'चाळीस.'
ती हसली नाही. बोटांवर काहीतरी मोजलं.
'दर पाच तारखेला दोनशे पाठवते मी घरी.
म्हणजे एकशे साठच पोचतात म्हणायचे.'

कॅन उलटा बसवताना पाणी सांडलं.
माझ्या हातून कधी सांडत नाही.
तिनं फडकं पुढं केलं,
आणि रिकाम्या दोन कॅनचं डिपॉझिट मागून घेतलं.

आगाशेंना लिहिलं: ड्यूटी, रूम, ड्यूटी. काही आढळलं नाही.
त्यांनी अंगठा पाठवला.
तासाभरानं दुसरी बाई पाठवली, सालमियाची.

फोटो अजून पुसलेला नाही.
का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.
हर्णैत स्लॅब अर्धवट आहे, गज गंजतायत,
झुलेखा फोनवर सळईचा भाव सांगते
आणि मधेच कुणाशी तरी बोलते, फोनवर हात ठेवून.
मी विचारत नाही.

रात्री खोलीतले सहाही झोपले की
मी तो काढतो, दोन बोटांनी ताणत नेतो.
माती मोठी होते, अजून मोठी.
चेहरे येतच नाहीत.
बुटाची नाडी तेवढी
स्पष्ट.